आरओच्या पाण्यात युरेनियम : यंत्र उत्पादक कंपनीकडे तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : आरओ यंत्राच्या पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त युरेनियम

महोदय,

यजमानांच्या बदलीमुळे आम्ही सध्या पंजाबात भटिंड्याला राहतो. घरात बोअरचे पाणी येते. या माळवा पट्ट्यातल्या भूजलात युरेनियम सापडते, हे कळल्यावरच आम्ही तुमचे यंत्र घेतले. माहितीपत्रकात ‘किरणोत्सर्गी घटकही दूर करते’ असे ठळक छापले आहे.

सासूबाईंना मूत्रपिंडाचा त्रास आहे, म्हणून डॉक्टरांनी पाणी तपासून घ्यायला सांगितले. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ११२ मायक्रोग्रॅम युरेनियम निघाले आणि तुमच्या यंत्राच्या पाण्यात ३८. भारतीय मानक ब्यूरो आणि जागतिक आरोग्य संघटना, दोघांचीही मर्यादा ३० आहे.

तुमच्या मेकॅनिकने पेल्यात टीडीएस मीटर बुडवला, २००चा आकडा दाखवला आणि पाणी उत्तम असल्याचे सांगितले. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो. मायक्रोग्रॅममधले युरेनियम त्याला कळणारच नाही.

खरे कारण त्याच्याच बोलण्यातून समजले. पाणी सपक लागू नये म्हणून यंत्र बसवतानाच टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू उघडून ठेवला होता. म्हणजे मेंब्रेनमधून, म्हणजेच आरओच्या अतिसूक्ष्म पडद्यातून, गाळलेल्या पाण्यात, फक्त यूव्ही (अतिनील) दिव्याखालून गेलेले बोअरचे पाणी मिसळत होते. यूव्हीने जंतू मरतात, विरघळलेले युरेनियम जसेच्या तसे राहते. मेंब्रेन जे अडवते, ते तुम्ही बाजूच्या वाटेने परत आत सोडता. आम्ही पैसे मोजले ते मेंब्रेनचे. भटिंड्यासारख्या ठिकाणी हा स्क्रू बंदच ठेवायचा, एवढी साधी सूचना तुम्ही तुमच्या माणसांना देऊ नये, याचा मला फार राग आला आहे.

हेल्पलाइनवर मला पाणी उकळून प्यायला सांगितले. उकळल्याने पाणी आटते, युरेनियम तेवढेच उरते, प्रमाण उलट वाढते. जवळपास अणुभट्टी नसताना युरेनियम येईल कुठून, असेही विचारले गेले. ते जमिनीतल्या खनिजांतून येते आणि बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात सहज विरघळते. पिण्याच्या पाण्यातून त्याचा मुख्य धोका किरणांपेक्षा जड धातू म्हणून, तोही मूत्रपिंडांनाच. आमच्या घरात ही भीती रोजची आहे.

कंट्रोलर कायमचा बंद करून मेंब्रेन बदलून द्या आणि नंतर तुमच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून युरेनियमची तपासणी करून घ्या. तरीही प्रमाण ३०च्या वर आले तर पूर्ण रक्कम परत हवी. या भागात तुम्ही बसवलेल्या प्रत्येक यंत्राचा स्क्रूही तपासायला हवा, कारण ते ग्राहक अजून निर्धास्त पाणी पीत आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहत्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, माहितीपत्रक आणि दोन्ही नमुन्यांचे अहवाल.

आपली ग्राहक,
भटिंडा