फ्लक्सच्या सदोष बॅचबद्दल तक्रार

प्रति,
गुणवत्ता विभागप्रमुख,
वेल्डिंग साहित्य उत्पादक कंपनी

विषय : सबमर्ज्ड आर्क फ्लक्समुळे वेल्डमध्ये सिलिकॉन वाढून इम्पॅक्ट टेस्ट नापास झाल्याबाबत.

महोदय,

वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मुंबईच्या एका जहाजबांधणी यार्डासाठी डेकचे पॅनेल बनतात. प्लेट डीएच ३६ (जहाजांसाठीचं मजबूत पोलाद), जाडी २० मिमी. तुमच्या फ्लक्सच्या, म्हणजे वेल्डिंगचा आर्क झाकणाऱ्या दाणेदार भुकटीच्या, नव्या बॅचवर केलेली टेस्ट प्लेट जहाजाचं काम तपासणाऱ्या सर्व्हेयरसमोर इम्पॅक्ट टेस्टमध्ये (थंड तुकडा आघातानं तोडण्याच्या चाचणीत) नापास झाली. उणे २० अंशांवर तुकडा तुटताना सरासरी किमान ३४ ज्यूल ऊर्जा शोषली जायला हवी, आले २१. तुटलेल्या तुकड्यांवर सपाट, चमकणारे दाणे दिसतात, म्हणजे धातू ठिसूळ तुटला. जुन्या बॅचचे तुकडे मळकट आणि तंतुमय होते. स्पेक्ट्रो (धातूतल्या घटकांची तपासणी) केलं, तर वेल्डमधला सिलिकॉन ०.२८ वरून ०.६१ टक्क्यांवर गेलेला आणि मँगनीज १.४५ वरून १.०५ वर उतरलेलं.

तुमचे सर्व्हिस इंजिनिअर फोनवर म्हणाले, पावसाळा आहे, फ्लक्सला ओल लागली असेल. हे आम्हाला मान्य नाही. फ्लक्स आम्ही ३५० अंशांवर दोन तास भाजूनच वापरतो. शिवाय ओलीनं हायड्रोजन वाढतो, ब्लोहोल (वायूची छिद्रं) येतात, क्रॅक जातो. सिलिकॉन वाढत नाही. आमची रेडिओग्राफी (वेल्डचा एक्स-रे) स्वच्छ आहे. सिलिकॉन आला तो फ्लक्समधल्या सिलिकातून. वितळलेल्या धातूतलं मँगनीज सिलिकाचा ऑक्सिजन ओढून स्लॅगमध्ये जातं आणि सुटलेला सिलिकॉन वेल्डमध्ये उतरतो. अशा फ्लक्सनं धातूतला ऑक्सिजनही वाढतो, ऑक्साइडचे बारीक कण आत अडकतात आणि थंडीत वेल्ड ठिसूळ होतो. वायर त्याच हीटची (पोलादाच्या त्याच घाणीची), ६०० अँपिअर, ३२ व्होल्ट, गाडीचा वेगही तोच. व्होल्टेज चढवलं असतं तर फ्लक्स जास्त वितळला असं म्हणता आलं असतं. बदललं ते फक्त पोतं.

टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेटवर) बेसिसिटी २.५ छापली आहे, म्हणजे फ्लक्समध्ये सिलिकापेक्षा चुना-मॅग्नेशियासारखे घटक बरेच जास्त असायला हवेत, पण खाली बारीक अक्षरांत ‘नमुनादाखल मूल्ये’ असं लिहिलंय. मग हे आकडे आमच्या पोत्यांचे कसे मानायचे? जहाजाच्या कामाला असला कागद देणं चुकीचंच आहे. बीड (वेल्डची पट्टी) तर नेहमीपेक्षा गुळगुळीत आली होती, त्यामुळे वेल्डरला शंका यायचं कारणच नव्हतं.

या बॅचचं प्रत्यक्ष विश्लेषण, म्हणजे सिलिका, चुना, मॅग्नेशिया आणि कॅल्शियम फ्लोराइडचं प्रमाण, आठ दिवसांत लेखी द्या. उरलेली पोती परत न्या आणि नव्या टेस्ट प्लेटचा व लॅबचा खर्च भरून द्या. सीलबंद नमुना आम्ही राखून ठेवला आहे. हीच बॅच आणखी कुणाकडे गेली असेल, तर त्यांना आजच कळवा. त्यांच्याकडे कदाचित जोड भरून मालही रवाना झाला असेल.

आपला,
प्रोप्रायटर, फॅब्रिकेशन वर्कशॉप,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर

सोबत : इम्पॅक्ट व स्पेक्ट्रो रिपोर्ट, टीसीची प्रत, पोत्यावरील बॅच क्रमांकाचा फोटो