सईला, तिसऱ्या परिच्छेदाबद्दल

प्रिय सई,

परवा तू फोन ठेवलास तेव्हा लीड्समध्ये रात्रीचे अडीच वाजले होते. झोपेचा विषय पत्रात काढायचा नाही, असं आईने बजावलंय. म्हणून सरळ निबंधावर येतो.

सरांनी ‘फोकस नाही’ असा शेरा मारला म्हणून तुझं इंग्रजी कच्चं ठरत नाही. व्याकरण ठीक आहे. घोटाळा परिच्छेदांत आहे. तिसराच बघ. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो असं मांडणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोचा यॉर्कमधला जन्म, मग लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप, ज्याचं हँडल साथ थांबवायला काढलं, मग जंतू, शेवटी कॉलऱ्याची लस. एका परिच्छेदात चार विषय कोंबलेस, तर वाचणाऱ्याने नक्की काय धरून ठेवायचं?

निबंध छापून घे. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलीने मराठीतच लिही, की हा परिच्छेद काय म्हणतो. पूर्ण वाक्य हवं. ‘स्नोबद्दल’ हे उत्तर चालणार नाही. ‘पंपाचं हँडल काढण्याआधीच साथ ओसरू लागली होती’ हे चालेल. वाक्य जमलंच नाही, किंवा दोन वेगळी वाक्यं लागली, तर परिच्छेद फोडायचा.

मग ते वाक्य इंग्रजीत करून आरंभी ठेव: ‘द पंप हँडल वॉज रिमूव्हड ऑन 8 सप्टेंबर 1854, बट द आउटब्रेक वॉज ऑलरेडी डिक्लायनिंग.’ आता जन्म आणि लस आपोआप गळतात, कारण या वाक्याला त्यांचा काही उपयोग नाही. उरतं ते पुराव्याचं: लोक वस्ती सोडून पळाले होते, आणि साथ आधीच घटल्यामुळे हँडलचा परिणाम किती ते ठरवता येत नाही, हे खुद्द स्नोनेच मान्य केलं होतं. शेवटी तुझा मुद्दा येऊ दे, की त्याच्या सिद्धान्ताची खरी भिस्त हँडलवर नाही, दोन पाणी कंपन्यांच्या ग्राहकांमधल्या मृत्यूंच्या तुलनेवर आहे. तुझ्या निबंधातलं सगळ्यात चांगलं निरीक्षण हेच, आणि ते तू सातव्या ओळीत पुरून ठेवलंस!

मुद्दा आरंभीच सांगावा हा नियम स्कॉटिश विचारवंत अलेक्झांडर बेनच्या इंग्रजी लेखनावरच्या 1866च्या पुस्तकापासूनचा. 1974 साली रिचर्ड ब्रॅडॉक या अमेरिकन अभ्यासकाने व्यावसायिक लेखकांचं लेखन तपासलं, तेव्हा तो नियम फारसा पाळलेला दिसला नाही. पण तुझे सर गठ्ठा तपासत असतात, त्यांना मुद्दा शोधायला लावू नकोस.

आता वाक्यांची सांधेजोड. आधीच्या वाक्यात आलेल्या गोष्टीने पुढचं वाक्य सुरू कर, नवी माहिती शेवटाकडे ने. नुसतं ‘दिस शोज’ लिहितेस, त्यात कसला दिस? ‘दिस डिक्लाइन’ लिही. ‘मोरओव्हर’ आणि ‘फर्दरमोअर’ सगळे खोडून वाच. अर्थ तुटला नाही तर ते नकोतच. तुटला, तर बहुतेक वेळा वाक्यांचा क्रम चुकलेला असतो. तुझ्या निबंधात दीडशे-दोनशे शब्दांत एक परिच्छेद पुरे.

आधी परिच्छेदांचा क्रम, मग आतली वाक्यं, शब्द आणि स्वल्पविराम सर्वांत शेवटी. तू उलटं करतेस. स्वल्पविराम घासूनपुसून लख्ख करतेस आणि मग तो परिच्छेदच काढावा लागतो, म्हणून तर रात्र जाते. लिहिणं आणि तपासणं यांच्यामध्ये एक झोप हवीच. दमलेला डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. आईला सांगू नकोस, पण मी झोपेवर आलोच.

भाषण झालं का? झालंच असणार, माफ कर. सांगलीच्या होस्टेलवरून तू आजीला पत्रं लिहायचीस ना, त्यात मेसच्या आमटीचा वेगळा परिच्छेद असायचा आणि पहिल्याच ओळीत निकाल: आमटी वाईट. आजीने ती सगळी डब्यात जपून ठेवली आहेत. ती शेजारच्या काकूंना वाचून दाखवते, तेव्हा मी ऐकत नसल्यासारखं करतो.

तिसरा परिच्छेद नव्याने लिहून पाठव. अख्खा निबंध नको. सकाळी पाठवलास तरी चालेल, म्हणजे सकाळीच पाठव. छपाईला पैसे लागले तर मला कळव, आईला नको.

तुझा,
बाबा