टायर गोटा व्हायची वाट कशाला बघायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नवीन गाड्यांबद्दल बरंच येतं, मायलेज किती, स्क्रीन केवढी, सनरूफ आहे की नाही, डिकीत किती बॅगा बसतात, आणि मी ते आवडीने वाचतो सुद्धा. पण टायर कधी बदलायचे आणि बदलताना काय बघायचं यावर धड काही वाचल्याचं आठवत नाही. आणि अख्खी गाडी रस्त्याला टेकलेली असते ती चारच ठिकाणी, प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा तुकडा, बाकी सगळी सेफ्टी फीचर्स त्यावरच चालतात. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम, कितीही भारी असू दे, टायरला ग्रिपच नसेल तर ते बिचारं काय करणार.

आपल्याकडे कोणीही पहिला प्रश्न हाच विचारतो की टायर किती किलोमीटर चालतात. कोणी म्हणतो चाळीस हजार, कोणी साठ हजार, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. कारण एकजण हवा वेळेवर चेक करतो आणि ब्रेक जपून मारतो, दुसरा हवा कमी असताना गाडी भरून पळवतो, रस्तेही वेगळे आणि ऊनही वेगळं. त्यामुळे किलोमीटरवरून टायर बदलायचा हे मला तरी पटत नाही, टायरकडे बघूनच ठरवायला पाहिजे आणि बघणं काही अवघड नाहीये.

टायरच्या मुख्य खाचांमध्ये आडव्या छोट्या रबरी पट्ट्या असतात, त्यांची जागा दाखवायला टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. वरचं रबर झिजून त्या पट्टीच्या लेव्हलला आलं की खाच फक्त १.६ मिलिमीटर उरली, बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा तीच आहे. नवीन टायरमध्ये ही खोली साधारण ७-८ मिलिमीटर असते. पण पट्टीला टेकेपर्यंत थांबायचं हे कोरड्या रस्त्यावर एकवेळ ठीक, पावसात अजिबात नाही. खाचांचं काम पाणी बाजूला काढायचं, त्या उथळ झाल्या की पाणी निघायला जागाच राहत नाही आणि जरा स्पीड असेल तर टायर पाण्यावर तरंगायला लागतो, मग स्टेअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी जायची तिकडेच जाते. म्हणून पावसाळा तोंडावर असेल आणि खोली ३ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर मी तरी बदलून टाकेन. खोली मोजायचं छोटं गेज मिळतं, ते आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत लावून बघायचं, एकाच जागी नाही.

तीन ठिकाणी का, तर झीज वेगवेगळी असते आणि त्यावरून दुखणं कळतं. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी राहत होती, मधला भाग घासला असेल तर हवा जास्त होती, एकच बाजू गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलंय, आणि हात फिरवल्यावर खालीवर लाटा लागल्या तर शॉकअब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे ना) तपासून घ्यावं. हे न करता नुसते नवीन टायर टाकले तर नवेही तसेच घासणार, पैसे पाण्यात.

आता वय. हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे असं माझं मत. गाडी कमी चालते म्हणून टायर नवे राहतात हा मोठा गैरसमज आहे. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन, उष्णता, यांनी रबर हळूहळू कडक होतं, बारीक भेगा पडतात, आणि नक्षी मात्र छान दिसत असते त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेला कोड असेल तर त्याचे शेवटचे चार आकडे बघा, २३२१ असेल तर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. समोरच्या बाजूला चार आकडे दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा, बऱ्याचदा पूर्ण कोड एकाच बाजूला असतो. कोडमध्ये शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा, त्याला हात जोडा. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यायचे, आणि दहा वर्षं झाली की कितीही चांगला दिसला तरी काढायचा असं टायर कंपन्याच सांगतात, काही गाडी कंपन्या तर सहाच वर्षं म्हणतात. नवीन घेताना पण तारीख बघूनच घ्या. दुकानात नीट, सावलीत ठेवलेला टायर गाडीवरच्या टायरपेक्षा हळू म्हातारा होतो हे खरं आहे, पण पैसे नव्याचे द्यायचे तर जुना का घ्यायचा.

साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, फुगा आला असेल तर मात्र मोजमाप, तारीख काही बघत बसू नका. खड्ड्यात आदळून आतले धागे तुटलेले असतात, तो कधी फुटेल सांगता येत नाही, लगेच बदला. साइडवॉलला पंक्चर असेल तरी तेच, तिथे रिपेअर करायचं नसतं. नक्षीच्या भागातलं छोटं, साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक टायर रिमवरून उतरवून आतून पॅच लावून नीट होतं.

साइज गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच घ्या. १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलेलं असतं त्यात १८५ मिलिमीटर रुंदी, उंची त्याच्या ६५ टक्के, १५ इंची रिम, ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. भार आणि स्पीडचं रेटिंग कंपनीने दिलंय त्यापेक्षा कमी चालणार नाही, रुंद टायरच्या हौसेपायी लोक नेमकं हेच विसरतात.

आणि ज्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात ते म्हणजे दोनच टायर बदलायचे असतील तर नवे कुठे लावायचे. बहुतेक जण म्हणतील पुढे, कारण स्टेअरिंग पुढे, बऱ्याच गाड्यांचं इंजिनही पुढेच ओढतं. पण टायर कंपन्या सांगतात मागे, आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. ओल्या वळणावर पुढची ग्रिप सुटली तर गाडी सरळ जाते, अॅक्सिलरेटर सोडला की बऱ्याचदा परत सावरता येते, पण मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ते सावरणं आपल्यासारख्या साध्या ड्रायव्हरचं काम नाही. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवत असेल तर शक्यतो चारही एकदम बदला, नाहीतर वेगवेगळ्या झिजलेल्या टायरमुळे डिफरन्शियलवर (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर) ताण येतो.

बसवताना व्हॉल्व्ह नवीन टाकायला सांगा, बॅलन्सिंग करून घ्या, टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा "आउटसाइड" लिहिलं असेल तर त्याप्रमाणेच बसलाय ना ते तिथेच उभं राहून बघा. हवा टायर थंड असताना भरायची आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्यायचा, टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो बघून हवा मारणारे मी बरेच पाहिलेत. शंभरेक किलोमीटरनंतर नट परत एकदा आवळून बघावेत, आणि सुरुवातीचे काही दिवस जोरात ब्रेक, जोरात वळणं टाळावीत कारण नव्या रबरावर साच्यातला निसरडा थर असतो, तो जाईपर्यंत ग्रिप पूर्ण येत नाही.

राहिली स्टेपनी. तिचंही वय होतं, न वापरता सुद्धा, आणि तिच्यातली हवाही हळूहळू कमी होते. तेव्हा चार टायरची तारीख बघायला खाली वाकलातच तर डिकीतला पाचवाही बाहेर काढून बघा.

आपला,
एक नियमित वाचक