गोळ्या सोडल्या की सोडाव्या लागल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात क्षयरोगावर अर्धं पान आलं आहे आणि वर ठळक मथळा, 'औषध अर्धवट सोडणारेच खरा धोका'. लेखकांचा अभ्यास दांडगा असेल, मी काही डॉक्टर नाही. पण ज्या घरात सहा महिने रोज त्या गोळ्या गिळल्या जातात, त्या घरातलं कुणी त्यांना भेटलेलं नाही हे दुसऱ्याच परिच्छेदात कळलं. अख्ख्या लेखात दुष्परिणामांच्या वाट्याला एक वाक्य : 'किरकोळ त्रास झाल्यास घाबरू नये.' बरं, नाही घाबरत. पण किरकोळ कोणता आणि मोठा कोणता, हे कोणी सांगायचं?

माझ्या धाकट्या जावेला गेल्या वर्षी फुप्फुसाचा टीबी निघाला. ती ब्लाउज शिवते, गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या वहीत आहेत. वजन ४४ किलो, म्हणून रोज तीन गोळ्या. एकेका गोळीत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधं. पहिल्याच आठवड्यात लघवी केशरी झाली आणि रक्त जातंय म्हणून तिने जेवण टाकलं. रिफाम्पिसिनने लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. गोळ्यांचं पाकीट हातात देताना एवढं वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? पायांना मुंग्या यायच्या, त्यावर बी-६ ची गोळी असते हेही पुष्कळ उशिरा कळलं.

हे सगळं तिने काढलं. दोन महिने झाले, पायराझिनामाइड कमी झालं, खोकला थांबला, अंगावर मूठभर मांस आलं. पुढच्या चार महिन्यांच्या गोळीत बाकीची तिन्ही औषधं राहतात, म्हणजे इथॅम्ब्युटॉलही. आणि ऐन लग्नसराईत डाळिंबी ब्लाउजच्या हातशिलाईला तिने तपकिरी दोरा वापरला. गिऱ्हाईक चिडलं. मला वाटलं, संध्याकाळच्या उजेडात चूक झाली असेल. दुसऱ्या दिवशी भर दुपारी खिडकीशी रिळांचा डबा घेऊन बसली होती, एका हातात लाल रीळ, दुसऱ्यात हिरवं. म्हणाली, "अक्का, दोन्ही मळकीच दिसतायत."

गोळ्यांची चौकशी करायला येणाऱ्या ताईंना हे सांगितलं. "चाळिशी लागली असेल, चष्मा करून घ्या," म्हणाल्या. त्यांना मी दोष देत नाही. "गोळ्या घेतल्या का?" एवढंच विचारायला त्यांना सांगितलेलं, तेवढं त्या न चुकता विचारायच्या. "गोळ्या घेतल्यावर काय होतं?" असं मात्र वरपासून खालपर्यंत एकानेही विचारलं नाही.

शेवटी पदरचे पैसे घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "टीबीच्या गोळ्या चालू आहेत का?" मग रंगीत ठिपक्यांमध्ये आकडे लपवलेलं ते पुस्तक पुढे धरलं. तिला बरेचसे आकडे दिसलेच नाहीत. इथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेवर जातं, आधी लाल-हिरव्यातला फरक पुसतो, वेळीच बंद केलं तर नजर बहुधा परत येते, पण सगळ्यांची येतेच असं नाही, हे तिथे कळलं. ते औषध थांबवा आणि टीबीच्या डॉक्टरांना आजच दाखवा, अशी चिठ्ठी त्यांनी दिली.

आता गंमत अशी, की तिन्ही औषधं एकाच गोळीत. त्यातलं एकटं इथॅम्ब्युटॉल चिमट्याने थोडंच काढता येतं! बाकीच्या दोन औषधांच्या सुट्या गोळ्या लागतात. त्या मागवाव्या लागतील, थांबा, असं खुद्द उपचार केंद्रातल्या डॉक्टरांनीच सांगितलं. आम्ही थांबलो. तर त्याच कचेरीतून फोन, "तुम्ही गोळ्या का सोडल्या? आमचा रिपोर्ट खराब होतो." चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, दोन निळ्या खुणा उमटल्या आणि चार दिवसांनी तोच फोन पुन्हा. आपल्या लेखकांच्या हिशेबात माझी जाऊ 'अर्धवट सोडणारी' झाली असणार. सुट्या गोळ्या आल्या, वाढीव मुदतीसह उपचार पूर्ण झाले, रंगही हळूहळू परतले. पण त्या सीझनची शिलाई बुडाली ती बुडालीच.

गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत हे मलाही मान्य आहे, त्याने औषधाला दाद न देणारा टीबी होतो. पण मग २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये सरकारी केंद्रांवरच गोळ्यांचा तुटवडा होता, तेव्हा त्या कोणी 'सोडल्या' होत्या? त्यावर आपल्या लेखात चकार शब्द नाही. २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करायचा होता, तेही साल गेलं. दोष द्यायला पेशंट मात्र कायम हाताशी असतो.

पुन्हा या विषयाला जागा दिलीत तर मथळा थोडा बारीक करा आणि एक चौकट टाका. सतत उलट्या, अन्नावरची वासना उडणं, डोळे पिवळे होणं म्हणजे यकृतावर परिणाम, दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. नजर धूसर झाली, रंग फिके दिसू लागले तरी तसंच. इथॅम्ब्युटॉल सुरू करण्याआधीच नजर आणि रंग तपासून घ्यायचे. सरकारच्या टीबी कार्यक्रमाचा, म्हणजे निक्षयचा, मोफत क्रमांक १८००-११-६६६६ आणि औषधांचे दुष्परिणाम कळवण्याचा १८००-१८०-३०२४, हेही त्यात येऊ द्या.

आणि पत्र लिहितेच आहे तर, त्याच अंकात तिसऱ्या पानावर टीबीच्या पेशंटना पोषण आहाराच्या टोपल्या वाटतानाचा फोटो आहे. देणारे पाहुणे सात, घेणारी बाई एक. पाहुण्यांची नावं हुद्द्यांसकट छापलीत. त्या बाईच्या तोंडाला मास्क होता, तरी तिच्या गल्लीतल्या प्रत्येकाने तिला ओळखलं असेल. फोटो छापण्याआधी तिला कुणी विचारलं होतं का?

माझं नाव छापू नये. जावेची मुलगी लग्नाची आहे.

आपली,
एक वाचक, मिरज तालुका