खराबा लिहिलेली जमीन पुन्हा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जैवविविधतेसाठी कोणत्या जागा आधी राखायच्या, हे उपग्रह चित्रांवरून ठरवण्याबद्दल अलीकडे बरेच वाचायला मिळते. मी नाशिक जिल्ह्यात ३१ वर्षे भूकरमापक होतो. जमीन मोजण्यात आयुष्य गेले, म्हणून हे पत्र.

आमच्या वेळी साखळी होती. एक साखळी म्हणजे ३३ फूट, तिचे १६ आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. माझी नात पुण्याला भूगोल शिकते. दिवाळीत आली तेव्हा तिने सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रे दाखवली. त्यातला सर्वांत लहान चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठाच. ७८६ किलोमीटर उंचीवरून हे जोडीचे उपग्रह दर पाच दिवसांनी आपला १५,५३० चौरस किलोमीटरचा जिल्हा गुंठ्यागुंठ्याने पाहून जातात, आणि ती चित्रे कुणालाही फुकट मिळतात. आम्हाला एकेका गावाला महिने लागत. हे साधन वापरलेच पाहिजे.

पण तिने जानेवारीचे चित्र उघडले आणि मी अस्वस्थ झालो. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या फरकावरून हिरवाई मोजतात आणि चित्रात ती लाल रंगाने दाखवतात. पिंपळगाव, दिंडोरीकडच्या द्राक्षबागा लालभडक दिसत होत्या. येवला तालुक्यातला राजापूर-ममदापूरचा माळ मात्र करडा, जणू तिथे काहीच जगत नाही. खरे तर काळविटांसाठी राखलेले सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र तिथेच आहे.

त्याच भागात १९९१ च्या मे महिन्यात मी एका गटाची मोजणी करत होतो. झेंडी रोवायला गडी पुढे गेला तसा मेंढ्यांमागचा एक म्हातारा ओरडला, "सायेब, झेंडी बाजूला घ्या, तिथं पाखराची अंडी हायेत!" मी जवळ गेलो, वाकलो, तरी दिसेनात. शेवटी त्याने काठीचे टोक नेले तेव्हा खड्यांत खड्यांसारखीच दोन अंडी दिसली. घरटे नाही, काडी नाही, उघड्या मुरमावर. तो पक्षी धाविक होता हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. झेंडी आम्ही हलवली, पण संध्याकाळी कागद भरताना त्याच तुकड्यापुढे मी लिहिले, ‘खराबा’.

ही चूक मी एकट्या त्या दिवशी नाही, शेकडो वेळा केली. आकारबंदात, म्हणजे क्षेत्र आणि सारा लिहिण्याच्या आमच्या नोंदवहीत, जमिनीचे दोनच भाग असतात, लागवडीलायक आणि पोटखराबा. ज्यातून सारा मिळत नाही ते खराब, हा इंग्रजांच्या महसुलाचा हिशेब आम्ही पुढे चालवला. उपग्रहावरून देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो, त्यातही खुरट्या झुडपांची जमीन आणि खडकाळ जमीन पडीकच. देशाच्या वन अहवालात एक हेक्टरवर १० टक्के झाडोऱ्याची सावली असली की वनाच्छादन धरतात, मग ती आंब्याची बाग का असेना. कुसळी आणि मारवेल गवताचा माळ त्या हिशेबात येतच नाही. मग पडीक म्हणून तिथे खड्डे खणून झाडे लावली जातात किंवा सौर पट्ट्या उभ्या राहतात. लांडगा, खोकड, चंडोल, धाविक यांना झाडांची दाटी नको असते, उघडा माळ लागतो, हे त्या नकाशाला कोण सांगणार?

पश्चिम घाटाचे निदान नकाशे झाले. २०११ मध्ये माधव गाडगीळ समितीने सुमारे ९ किलोमीटरच्या चौकोनांत घाटाची प्रतवारी मांडली, २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने उपग्रह चित्रांवरून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील गावे ठरवली. त्यावर वाद झाले, अजून चालू आहेत, पण चर्चा तरी झाली. येवला, नांदगाव, मालेगावच्या माळांबद्दल कुणी भांडतही नाही. घाटातही उपग्रहाला सगळे दिसते असे नाही. अंजनेरीचे कंदीलपुष्प पावसाळ्यात गवतातून वर येते, आणि नेमके तेव्हा पठारावर ढग असतात. रडारचे उपग्रह ढगांपलीकडे पाहतात, पण फूल त्यांनाही दिसत नाही. पाण्याचे काम उपग्रह उत्तम करतो. नांदूर मध्यमेश्वरसारख्या, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलेल्या पाणथळीचा फुगवटा कधी किती होता, हे चित्रांतून स्वच्छ कळते.

माझी सूचना माळाविषयी आहे. एकदा नांगरलेला जुना माळ सहजी परत येत नाही, म्हणून माळाची किंमत त्याच्या हिरवाईवर नव्हे, तो किती काळ नांगराविना राहिला यावर ठरवावी. अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून फुकट आहेत. आमच्या दप्तरातला पोटखराबा त्याहून जुना. तो गाव नकाशावर उतरवून खाली चाळीस-पन्नास वर्षांची चित्रे ठेवली, तर कधीच नांगर न लागलेले तुकडे आपोआप वर येतील. ज्या शब्दाने आम्ही त्या जमिनीला नाकारले, तोच शब्द तिचा पत्ता सांगेल. चित्र मात्र एकट्या जानेवारीचे नको, ऑक्टोबरपासून मेपर्यंतची लागोपाठ हवीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती भरताना मेंढपाळांना विचारावे, आणि नकाशा पक्का करण्याआधी त्यांच्याबरोबर प्रत्येक तुकडा पायी फिरावा.

हे काम ज्यांच्याकडे असेल त्यांनी मे महिन्यात एकदा त्या माळावर यावे. मी बरोबर येईन. झेंडी हलवली होती ती जागा मला अजून सापडेल.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक,
नाशिकरोड