यमुनेला नक्की काय हवंय

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय मनू,

तुझी पटकथा परवा रात्री वाचून संपवली. काल पुन्हा वाचली, पेन्सिल हातात धरून. फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येच ‘हो गं आई’ म्हणतेस आणि माझं पुढचं राहून जातं. म्हणून लिहायला बसले.

त्या बैठकीत तुला कुणीतरी म्हणालं, ‘नायिकेला नक्की काय हवंय ते कळत नाही’, आणि तू दोन दिवस नीट जेवली नाहीस. त्यांनी ते कोणत्या शब्दांत सांगितलं कोण जाणे. पण प्रश्न बरोबर आहे, मनू. मलाही कळलं नाही.

पहिल्या पानावर तू लिहिलंयस, ‘यमुनेचं ध्येय : स्त्रियांना मताधिकार मिळवून देणे.’ हा तुझ्या गोष्टीचा विषय झाला. यमुनेचं ध्येय नाही. १९१९ साली ठाण्यात कोपिनेश्वराच्या देवळामागच्या आळीत राहणारी, पहाटे उठून पाणी भरणारी बाई मनात असं वाक्य घोळवत नाही. तिला हवी असलेली गोष्ट इतकी जवळची असली पाहिजे, की ती मिळाली की हातची गेली हे शेजारणीलाही दिसावं. आणि मताधिकार मिळाला हे थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला आधीच माहीत आहे. मग त्याची धाकधूक कुणाला वाटणार? जिचा शेवट इतिहासाच्या पुस्तकात छापलेला नाही, अशी काहीतरी गोष्ट यमुनेला हवी असू दे.

निवृत्तीआधी सहा वर्षं मी शाळा सांभाळून बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासायचं काम केलं, तुला आठवत असेल. शाळा सुटली की याद्यांची पिशवी घेऊन मी दारोदार फिरायचे आणि तू चिडायचीस. जांभळी नाक्यावर भाजी विकणारी एक बाई तेव्हा माझ्याकडे तीनदा आली होती. यादीत तिचं लग्नातलं नाव, बाकीच्या कागदांवर माहेरचं. आधीच्या मतदानाला तिला खोलीतून परत पाठवलं होतं, सुनेच्या देखत. नमुना आठ, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, भरून दिला तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवी यादी लागायच्या आत नाव नीट होईल ना, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारायची. पाटी शेजारणीच्या भरवशावर टाकून यायची, म्हणजे तेवढ्या वेळाचा धंदा बुडवून. कोण निवडून येणार याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिला काय हवंय, कधीपर्यंत हवंय आणि नाही मिळालं तर कुणासमोर मान खाली जाईल, हे तिच्या तीन फेऱ्यांत मला स्वच्छ कळलं. तुझी यमुना एकशे दहा पानं बोलते, आणि मला तिच्याबद्दल एवढं कळत नाही.

खऱ्या माणसांकडे बघ. मुंबईच्या हेराबाई टाटांना १९११ मध्ये काश्मीरला गेल्या असताना लंडनच्या मताधिकार चळवळीतल्या सोफिया दुलीपसिंग भेटल्या, त्यांच्या अंगावरचा मताधिकाराचा बिल्ला दिसला, आणि तिथून त्या या कामात ओढल्या गेल्या. पुढे मत कुणाला द्यायचं हे ठरवायला सरकारने नेमलेल्या साउथबरो समितीने इथल्या बायकांना मत द्यायला नकार दिला. तेव्हा १९१९ मध्ये हेराबाई आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला गेल्या. मुलगी विशी-एकविशीची. संसदेची संयुक्त समिती हिंदुस्थानच्या नव्या कायद्यासाठी साक्षी घेत होती. तिच्यापुढे उभं राहून बोलायचं, यासाठी त्या गेल्या. एक खोली, ठरलेली माणसं, आणि कायदा होऊन गेला की संपणारी मुदत. त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं, पण हक्क हातात पडला नाही. तो द्यायचा की नाही हे प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोडलं. म्हणजे जे मागायला गेल्या ते निम्मं मिळालं आणि लढाई परत घरी आली. तुझ्या मध्यंतराला असंच काहीतरी हवंय. (मिठन तिथेच राहून कायदा शिकली, १९२३ मध्ये बॅरिस्टर झाली. हे कुठेतरी येऊ दे, मला फार आवडतं.)

मद्रासचा प्रसंग मात्र काढ. १८ डिसेंबर १९१७, सरोजिनी नायडू बायकांचं शिष्टमंडळ घेऊन भारतमंत्री माँटेग्यूंना भेटतात, हे तू फार सुंदर लिहिलंयस. पण यमुना तिथे नाही. तिला ते वर्तमानपत्रातून कळू दे, तेही पुडीच्या कागदावरून, चार दिवस उशिरा.

खिडकीवर दगड मारायचा प्रसंगही मला पटला नाही. ते लंडनमधल्या बायकांनी केलं, तुरुंगात अन्न सोडलं, त्यांच्या नाकातून नळी घातली गेली. ते धैर्य त्यांचं. इथल्या बायका अर्ज करत होत्या, सभा घेत होत्या, शिष्टमंडळं नेत होत्या. यमुनेच्या वाटेत पोलीस उभा नाही. तिच्या वाटेत तिच्याच घराचा उंबरठा आहे, आणि तो पोलिसापेक्षा अवघड. पोलिसाला संध्याकाळी जेवायला वाढावं लागत नाही.

आता मला सुचलंय ते सांगते. रात्रभर डोक्यात होतं.

१९२१ मध्ये आधी मद्रासने आणि मग मुंबई प्रांताने बायकांना मत दिलं. सभागृहात बाजूने आणि विरुद्ध हात वर करणारे सगळे पुरुषच. तू इथे पटकथा संपवलीस, नगारे वाजवून. मला वाटतं, तुझी गोष्ट इथे सुरू होते. कारण ते मत पुरुषांच्याच अटींवर होतं. घर, शेतसारा, कर, असं काहीतरी आपल्या नावावर पाहिजे. बहुतेक पुरुषांनाही ते नव्हतं. यमुनेच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला नव्हतं, तिच्या नवऱ्यालाही नव्हतं. आणि यमुनेचा नवरा हयात आहे, घर त्याच्या नावावर. म्हणजे जिने चार वर्षं सह्या गोळा केल्या, त्या यमुनेलाच मत नाही! बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेवर मत मिळायला १९३५ चा कायदा यावा लागला.

मग आळीत मत कुणाला? तू पान ४२ वर एकदाच आणलेल्या माईआत्याला. वाटण्या झालेल्या घरातली, मूलबाळ नसलेली विधवा. घर तिच्या नावावर. केशवपन केलेली, आलवणातली, दिवसाउजेडी चारचौघांत न येणारी. यमुनेने सगळं केलं आणि हक्क गेला तो अशा बाईकडे, जिला तो नकोच आहे.

आता यमुनेला काय हवंय ते एका वाक्यात सांगता येतं. १९२३ च्या निवडणुकीत माईआत्याला मतदानाच्या जागी न्यायचं. तारीख ठरलेली, रस्ता ठरलेला. तळ्याच्या काठाने, बाजारातून, ओट्यांवर बसलेल्या माणसांसमोरून. माई येईल का? वाटेतून परत फिरेल का? सासूबाई त्या दिवशी मुद्दाम श्राद्ध काढतील का? यातलं काहीच मला माहीत नाही, म्हणून मी खुर्चीत पुढे सरकून बघेन.

आणि यात तुझा मोठा विषय कुठे हरवत नाही. उलट माईआत्याला पटवताना यमुनेला कळेल की आपण चार वर्षं ‘स्त्रिया’ म्हणत होतो, त्यात ही बाई कधी धरलीच नव्हती, आणि भांडीवाली तर नाहीच. तिच्या तोंडी आजची भाषणं घालू नकोस. तिचं ध्येय तिच्या काळाएवढंच असू दे, त्याच्या मर्यादेसकट. त्याची बोचणी तिला भांडी घासायच्या आवाजाने लागली तर पुरे.

शेवटी माई त्या खोलीत शिरते आणि अधिकारी नाव विचारतो. तीस वर्षांत तिला कुणी नावाने हाक मारलेली नाही. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव ज्याने ठेवलं तोही गेला. ती कोणतं नाव सांगेल? आपल्याकडे हा प्रश्न संपलेला नाही गं. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद मान्य केली नाही आणि जवळजवळ २८ लाख नावं यादीबाहेर राहिली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली. मी याद्या घेऊन फिरायचे तेव्हा दार उघडणाऱ्या बाईला नाव विचारलं की तिची मान आपोआप आत वळायची, घरातल्या पुरुषाकडे. म्हणून माईच्या तोंडून निघणारं नाव मला कोणत्याही घोषणेपेक्षा मोठं वाटतं.

एक अडचण उरते, ती मला सुटलेली नाही. त्या खोलीत यमुनेला जाता येणार नाही. मतदार माई आहे, यमुना दाराबाहेर. नायिकाच बाहेर उभी राहिली तर चालेल का, असं तुझे लोक विचारतील. माझं मन म्हणतं, चालेल. आम्हाला यमुनेचा चेहराच दाखव आणि आतला फक्त आवाज. पण त्याआधी तिने काहीतरी पणाला लावलेलं असलं पाहिजे, परत घरात शिरता येणार नाही असं काहीतरी. ते काय, हे तूच शोध. तिची माझ्यापेक्षा तुला जास्त ओळख आहे.

बाकी किरकोळ. नवऱ्याला इतका दुष्ट करू नकोस, घाबरलेला कर. पान १७ वर यमुना नवऱ्याला नावाने हाक मारते, ते शक्य नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, तेव्हा तिचा भाऊ तिथून पुस्तकं आणतो हे बरोबर लिहिलंयस.

पहिल्या पानावरची ती ओळ मी खोडलेली नाही. तिच्याभोवती पेन्सिलीने चौकट केलीय आणि खाली जागा सोडलीय. शनिवारी ये, रात्री राहा. थालीपीठ करते, आणि माईआत्याचं माहेर कुठलं ते दोघी मिळून ठरवू. तिला नाव तर हवंच ना.

तुझी,
आई