तळमजल्यावरच्या बाईंना, चार वर्षं उशिरा

ती. बाईंना सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला हे बोलूच देत नाही. ‘पुरे गं, तिकडे पाऊस काय म्हणतोय ते सांग’ म्हणून विषय बदलता. आता वाचा मुकाट्याने.

निमित्त झालं एका काडेपेटीचं. परवा शिवणाच्या डब्यात बटण शोधताना ती हाती आली. वरच्या कव्हरावर डावीकडे ब्लेडने कापलेली चौकोनी खिडकी, खिडकीच्या शेजारी तुमच्या वळणदार अक्षरात ‘ळ’, आणि आतून जाणारी बिस्किटाच्या खोक्याची पट्टी. धाकटी शेजारीच होती. तिने पट्टी ओढली आणि खिडकीत एकेक अक्षर येईल तसं वाचत गेली: नळ, फळ, गळ, बळ, मळ, तळ. ती आत्ता मोठ्या गटात आहे. तिला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. सहावीतला दादा पलीकडून म्हणाला, ‘ए, हळू ओढ, बाईंची आहे ती.’

बाई, तुम्हाला आठवतंय का, तो दुसरीत असताना आम्ही कुठे होतो? कोरोनामुळे शाळा बंद, पहिली अख्खी फोनवर गेली होती. सकाळी एक पीडीएफ यायची, संध्याकाळी वहीचा फोटो पाठवायचा, फोटोवर अंगठा यायचा. पोर शिकतंय असं मलाही वाटत होतं, कारण ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळं चालीत पाठ होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये एकदा मी त्याला चित्राखालचा शब्द वाचायला सांगितला. तो म्हणाला, ‘घ... र...’ मग चित्राकडे बघितलं आणि आत्मविश्वासाने म्हणाला, ‘झोपडी!’

मी ओरडले. चांगलीच ओरडले. आमच्या घरात रेंज येत नसल्यामुळे हा सगळा तमाशा जिन्यात चालला होता, आणि तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडेच. तुम्ही हातातल्या गाळण्यासकट बाहेर आलात आणि मला नाही, त्याला म्हणालात, ‘डोळे मिट बघू. आता सांग, घर, सर, भर... पुढे?’ त्याने डोळे मिटून लगेच सांगितलं, ‘कर! वर! मर!’ शेवटच्या शब्दावर मी कपाळाला हात लावला. तुम्ही हसून म्हणालात, ‘कान तयार आहेत याचे. अक्षरं थोडी थांबतील.’

तो पहिला धडा खरं तर माझा होता. आपण मुलांना ‘घ’ शिकवताना शेवटी ‘अ’ चिकटवतो, ‘र’लाही चिकटवतो. मूल इमानदारीने दोन्ही ‘अ’ धरून जोडतं आणि ‘घअरअ’ असं काहीतरी होतं. तसा शब्द त्याने जन्मात ऐकलेला नसतो, मग ते बिचारं चित्राकडे बघतं. बोलताना आपण ‘घर’मधला ‘र’ पाय मोडल्यासारखाच म्हणतो, पण ते आपल्याला ऐकूच येत नाही, सवयीचं झालेलं असतं. तुमचं म्हणणं असं की शब्दाची शेपटी एकदा कानात बसली की पुढचं एकच अक्षर बदलायचं उरतं. ‘अर’ तसंच राहतं, घ जातो, स येतो. पोराला दोन अक्षरं जोडायचा त्रासच नाही.

पहिले तीन आठवडे तुम्ही एकही अक्षर दाखवलं नाहीत. मला धीर निघत नव्हता, हे आज कबूल करते. दिवाळीनंतर शाळा उघडणार म्हणत होते आणि माझा मुलगा तुमच्या ओट्यावर बसून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं चिकटवत होता! दुकानांच्या जाहिरातींतून कापलेली चित्रं: चूल आणि फूल, वाटी आणि पाटी, आजी आणि भाजी, गाल आणि शाल. पत्ते उलटे मांडायचे, दोन उचलायचे, जुळले तर ठेवायचे. एकदा त्याने ससा आणि मासा उचलून दोन्ही खिशात घातले. मी म्हटलं, हे पूर्ण जुळत नाही, ‘ससा’ला ‘ठसा’ पाहिजे. तुम्ही म्हणालात, ‘शेपटी जुळली की जोडी. उखाणे घेतेस तेव्हा एवढं बघतेस का?’ यावर मी अजूनही तुमच्याशी सहमत नाही. पण पत्ते त्याच्याच खिशात राहिले.

मग अक्षरं आली, आणि ती आली कचऱ्यातून. मी एकदा तुम्हाला थालीपिठं पाठवली. डबा रिकामा परत द्यायचा नाही, तर तुम्ही तो पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणांनी भरून परत पाठवलात. मी आधी हसले, मग बघितलं तर प्रत्येक झाकणावर मार्करने एकेक अक्षर. ‘स्केचपेन वापरू नको, दोन दिवसांत हाताच्या घामाने पुसतो,’ अशी चिठ्ठीही आत होती. आणि खाली दोनदा रेघ मारून: ‘धाकटीपासून वर ठेव.’ ती तेव्हा रांगत होती आणि दिसेल ते तोंडात घालत होती. माझ्या ध्यानात ते आलंच नव्हतं.

हळदीकुंकवाच्या चहाचे कागदी कप मी फेकत होते, ते तुम्ही धुऊन वाळवलेत. एकात एक दोन कप घालायचे आणि तोंड डाव्या हाताला करून आडवे धरायचे. आतल्या कपाची जी कड बाहेर राहते तिच्यावर गोल पो, गो, टो, मो, चो, झो, हो, को. बाहेरच्या कपावर एकदाच ‘ळी’. आतला कप फिरवला की पोळी, गोळी, टोळी, मोळी, चोळी, झोळी, होळी, कोळी. आठ शब्द आणि खर्च शून्य. त्याने नववं अक्षर स्वतः लिहिलं, ‘डो’. मी म्हणणार होते की असा शब्द नाही. तुम्ही मला डोळ्यांनी गप्प केलंत आणि त्याला विचारलंत, ‘डोळी म्हणजे काय रे?’ तो म्हणाला, ‘डोळ्याची बायको.’ त्या दिवशी तो घरी येऊन ‘डोळा-डोळी’ करत नाचत होता. चूक शब्द सुद्धा त्याने न अडखळता वाचला होता, हे मला रात्री भांडी घासताना लक्षात आलं.

‘ळ’साठी तुम्ही एवढा हट्ट का धरलात तेही मग कळलं. दिवसभर हिंदी कार्टून बघून आमचं पोर ‘फल’ आणि ‘बाल’ म्हणायला लागलं होतं. तुम्ही त्याला एकदाही टोकलं नाहीत. फक्त नळाच्या जोडीला फळ ठेवलंत आणि विचारलंत, ‘जुळलं का?’ ‘नळ’ आणि ‘फल’ जुळत नाही हे त्याच्याच कानाला खटकलं. मग वेळ आणि वेल, काळ आणि काल, माळ आणि माल अशा जोड्या तुम्ही मुद्दाम झाकणांवर आणल्यात. आता तुम्ही इंदूरला लेकीकडे आहात, तिथल्या मराठी घरांतल्या मुलांना हीच पट्टी ओढायला लावत असाल. तिकडे तर ‘ळ’ टिकवायला जास्तच काम पडत असेल.

आणि तो दोन ‘ल’चा घोळ! वर्तमानपत्राचे मथळे कापून शब्द चिकटवताना त्याने एक ‘ल’ बाजूला काढून ठेवला होता, ‘हे अक्षर आमच्यात नाही’ म्हणून. पुस्तकात पाकळीवाला ल, मथळ्यात दांडीवाला. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिलेत, हे मला तुमच्याकडून पहिल्यांदा कळलं. पेपरवाल्यांच्या फाँटला ते कळलेलं दिसत नाही, असंही तुम्ही म्हणालात. त्याला मात्र एवढंच सांगितलंत की हे दोघे भाऊ आहेत, एकाने टोपी वेगळी घातलीय.

हे सगळं कुठून आणता असं विचारलं की तुम्ही स्वतःचं नाव कधी घेत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं होती कुठे, पानं, बिया आणि शिंपल्यांवरच भागवलं, हे सांगता. पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून केलेली खेळणी बघितल्यापासून रिकामी काडेपेटी टाकवत नाही म्हणता. असेल. पण बोर्डी आणि पुणे आमच्या जिन्यात आले नव्हते. तुम्ही आलात, गुडघे दुखत असताना.

आता जे सांगायचं राहून गेलंय ते. दिवाळीच्या साफसफाईत ती झाकणांची पिशवी मीच घंटागाडीत टाकली. चुकून नाही, बाई. मला पसारा बघवेना. कप, पट्ट्या, झाकणं, सगळं सुक्या कचऱ्यात. तुम्हाला मी सांगितलं की गाडीवाल्याने चुकून नेली. तुम्ही ‘असू दे’ म्हणालात आणि दोन दिवस तुमच्या खिडकीची काच बंद होती. तुम्हाला कळलं होतं का? मला तर वाटतं, कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी लेक वॉचमनकाकांकडून पिशवीभर झाकणं घेऊन आला. मी त्याच्यासमोर बसले आणि गप्प राहिले, एवढंच काय ते माझं योगदान. त्याने मार्कर घेतला आणि स्वतः अक्षरं काढली. ‘झ’ उलटा आला, ‘ण’ला तीन दांड्या झाल्या. तुम्ही काच उघडलीत, अंड्यांचा तीस खळग्यांचा ट्रे बाहेर दिलात आणि वर मूठभर चिंचोके. प्रत्येक खळग्यात एक शब्द, चिंचोका पडेल तो वाचायचा आणि त्याला जुळणारा सांगायचा, तरच चिंचोका आपला. त्या संध्याकाळी त्याने माझ्याकडून सतरा चिंचोके जिंकले. मी मुद्दाम हरले नव्हते.

पुढचं वाचन कधी लागलं, तारीख आठवत नाही. एक दिवस तो गॅस सिलिंडरच्या पावतीवरचं वाचत होता, एवढंच आठवतं.

पुढच्या महिन्यात हे ऑफिसच्या कामाला इंदूरला येणार आहेत. त्यांच्याबरोबर अंड्यांचे चार ट्रे आणि धुतलेली झाकणं देतेय. ट्रे गाडीत दबू नयेत म्हणून मध्ये जुनी साडी घातलीय, ती परत नको. डबा मात्र परत पाठवा, आणि रिकामा नको.

धाकटीने एक प्रश्न विचारायला सांगितलाय. ‘मार्कर’ला काय जुळतं? मी ‘भाकर’ म्हटलं, तर ती म्हणते जुळत नाही, दादा म्हणतो शेपटी जुळते. सकाळपासून घरात भांडण आहे. निकाल कळवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची